वेदनांक चार

आमच्या गावात मिरचीचं कुणाला काही वाटत नाही. सावरखेडीला नवा माणूस बसमधून उतरला की आधी शिंकतो, मग डोळे पुसतो, आणि पानठेल्यावरची मंडळी त्याच्याकडे बघून गालातल्या गालात हसतात. जानेवारीपासून मेपर्यंत गावाबाहेरच्या मोकळ्या जागांवर लाल मिरची पसरलेली असते. त्या जागेला इकडे सातरा म्हणतात. सातऱ्यावर बायका ओळीने बसून मिरचीचे देठ तोडतात, डागी मिरची बाजूला काढतात, पोती भरतात. दिवसभर हवेत जे उडतं ते त्यांच्या नाकातोंडात जातं आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबर घरी येतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. माहेर नागपूर, सासरही नागपूर. नवऱ्याची पोलीस खात्यातली बदली इकडे झाली म्हणून मीही मागून घेतली, आणि मग दोन्ही खाती आम्हाला इथे ठेवून विसरून गेली. अकरा वर्षं झाली. अजूनही फेब्रुवारीत मी फळ्याकडे तोंड करून शिंकते आणि मागे मुलं खुसखुसतात.

आमच्या शाळेची खिचडी शेवंता मेश्राम शिजवते. सकाळी खिचडी, दुपारनंतर सातरा. एकदा पाचवीची सगळी पोरं जेवता जेवता उठून नळाकडे पळाली तेव्हा मी स्वयंपाकखोलीत गेले.

"शेवंताबाई, तिखट किती टाकलं आज?"

"रोजच्याएवढंच जी." तिने पळीभर खिचडी तळहातावर घेतली आणि खाल्ली. "मले त सपक लागून रायली."

मी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि मीही नळाकडे गेले. शेवंता पोट धरून हसली. ती थट्टा करत नव्हती हे मला पाणी पिताना समजलं. तिला खरंच काही लागत नव्हतं.

त्या दिवशी आठवीला मी पुस्तकाबाहेरचा धडा घेतला. तिखट ही चव नाही, ती एक फसवणूक आहे. आपल्या जिभेवर, कातडीत, डोळ्यांच्या पृष्ठभागावर मज्जातंतूंची बारीक टोकं असतात आणि त्या टोकांवर सूक्ष्म दारं असतात. चटका बसेल इतकी उष्णता आली की दारं उघडतात आणि मेंदूला निरोप जातो, भाजतंय, हात काढ. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं तेच दार उघडतं. आग कुठेच नसते, पण निरोप आगीचा जातो. मात्र तेच दार कुणी रोज, वर्षानुवर्षं ठोठावत राहिलं तर मज्जातंतूचं टोक थकतं. आधी निरोप धाडणं कमी करतं, मग आक्रसून मागे सरतं. सांधेदुखीवर मिरचीचं मलम चालतं ते यामुळेच. शेवंताचं अख्खं तोंड, नाक आणि डोळे त्या मलमात वीस-पंचवीस हंगाम बुडालेले होते.

शिवाय सातऱ्याची स्वतःची एक रीत आहे. पहिल्या दिवशी जिच्या डोळ्यांतून पाणी येतं तिला बाकीच्या 'नवरीबाई' म्हणून चिडवतात. आणि व्यापाऱ्याचा दिवाणजी रडणारीला, खोकणारीला दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाही. म्हणून बाई शिकते. डोळ्याला हात लावायचा नाही, तोंड वाकडं करायचं नाही, खोकला आला तर गिळायचा. पहिला हंगाम संपेपर्यंत चेहरा असा होतो की त्यावरून आत काय चाललंय ते कुणाच्या बापाला कळणार नाही.

*

त्याच हिवाळ्यात माझ्या नवऱ्याला, हवालदार देवानंद लांजेवारांना, खात्याने एका नव्या यंत्राच्या प्रशिक्षणाला पाठवलं. मी त्यांना घरीदारी लांजेवार म्हणते. लग्न झालं तेव्हा ते इतके अदबशीर होते की 'अहो' म्हणायचीच चोरी वाटायची, तेव्हापासून पडलेली सवय आहे.

यंत्राचं नाव 'संयम'. शांत बसलेल्या लोकांच्या तोंडावर मिरचीचा फवारा मारल्याचे व्हिडिओ तोवर इतके फिरले होते, इतक्या चौकशा झाल्या होत्या, की शेवटी न्यायालयांनी सांगितलं, बळ वापरायचंच असेल तर मोजून वापरा. एका कंपनीने ते शब्दशः घेतलं.

"माणूस फवारा मारतो तेव्हा त्याला राग असतो, भीती असते," लांजेवार जेवताना समजावून सांगत होते. ते बरेच दिवसांनी कशाबद्दल तरी उत्साहाने बोलत होते, म्हणून मी मध्ये बोलले नाही. "याला राग येत नाही. वरून उडत येतं, पाटाएवढं आहे. समोरच्याचा चेहरा बघतं. डोळ्यांभोवतीचे स्नायू, पापण्या किती वेळा मिटतात, श्वास, गालांची उष्णता. त्यावरून एक आकडा काढतं. वेदनांक. शून्यापासून दहापर्यंत. अगदी थोडा फवारा सोडतं आणि बघतं. आकडा कमी असेल तर थोडा वाढवतं. अशा सहा पायऱ्या. चारवर गेला की बंद. चारच्या पुढे कुणालाच दुखू द्यायचं नाही."

"आणि तुम्ही काय करता?"

"मी गाडीत बसतो. पहिल्या पायरीपासून दर वेळी ते पडद्यावर विचारतं, वाढवू काय? मी हो दाबायचं."

"ते स्वतःच का नाही वाढवत?"

"कायद्याला माणूस लागतो ना बाप्पा," ते म्हणाले. "आणि चार झाला तरच त्याला बलप्रयोग म्हणायचं. चारच्या खाली सगळं नोंदीत शून्य."

मी म्हटलं, चांगलं आहे, निदान तुमच्या हातातली काठी तरी सुटली. खरं सांगायचं तर मला तेव्हा बरंच वाटलं. पंचविशीत खात्यात लागलेला माणूस पन्नाशीला लोकांच्या पाठीवर काठ्या मारत फिरायला नको होता, आणि त्यांनाही ते नको होतं.

*

सातऱ्यावरच्या बायकांनी मार्चमध्ये तहसीलच्या फाटकात ठिय्या दिला. मागण्या दोनच. सातऱ्यावर धूळ ओढणारं यंत्र बसवा, आणि आमचे डोळे सरकारी खर्चाने तपासा. घोषणा वगैरे काही नाहीत. त्यांना रिकामं बसण्याची सवयच नाही, म्हणून येताना त्यांनी मिरचीच्या टोपल्या आणल्या आणि फाटकात ओळीने बसून देठ तोडायला लागल्या. तीस-पस्तीस बायका, माना खाली, हात चालू. दुपारी फाटक मोकळं करण्याचा हुकूम आला आणि 'संयम' उडाला.

संध्याकाळी लांजेवार घरी आले ते हातपाय धुऊन ताटावर बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काहीच नाही. सहाही पायऱ्या झाल्या. एकीचाही आकडा दोनच्या वर गेला नाही. देठ तोडत बसल्या होत्या. दिवस कलला तशा टोपल्या उचलून घरी गेल्या, सातऱ्यावरून जातात तशा."

"सहाही पायऱ्या?"

"हो. नोंदीत बलप्रयोग शून्य. ठाणेदार खूश होते."

माझ्या हातातला घास ताटात परत गेला. "लांजेवार, त्यांना दुखतच नाही."

"तेच तर म्हणतोय."

"तसं नाही. दुखत नाही म्हणजे लागत नाही असं नाही हो." मग आठवीला सांगितलेला धडा मी त्यांना सांगितला. दारं, निरोप, थकलेली टोकं, नवरीबाई. ते ऐकत गेले आणि त्यांचं जेवण थांबलं. यंत्र कुणाचे चेहरे बघून शिकलं असं मी विचारलं. कॉलेजची मुलं, पोलीस भरतीची पोरं, पैसे घेऊन आलेले शहरातले लोक, असे हजारो, ते म्हणाले. सातऱ्यावरची बाई त्यात एकही नव्हती. असणार तरी कशी?

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंता नेहमीसारखी खिचडीला आली. तांदूळ निवडताना ती मान एका बाजूला वळवून बघत होती. मी जवळ गेले. डाव्या डोळ्याच्या काळ्या भागावर दुधाची साय धरावी तसा पांढरा ठिपका पडला होता.

"शेवंताबाई, या डोळ्याला काय झालं?"

"काई नाई जी. धुकं पडलं ना आज."

बाहेर मार्चचं लख्ख ऊन होतं.

*

जिल्ह्याच्या गावी डॉक्टर हटवार डोळ्यांचे चांगले डॉक्टर आहेत. आदल्या संध्याकाळपासून सावरखेडीच्या बायका त्यांच्याकडे येतच होत्या, म्हणजे घरच्यांनी धरून आणल्या म्हणून येत होत्या. एकीलाही स्वतःला यावंसं वाटलं नव्हतं. मी शेवंताला नेलं तेव्हा डॉक्टरांनी कापसाची बारीक वात करून तिच्या उघड्या बुबुळाला लावली. माझीच पापणी मिटली. शेवंताची पापणी हललीसुद्धा नाही.

"दुखणं हा डोळ्याचा चौकीदार असतो, मॅडम," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता, हीच गोष्ट ते सकाळपासून सांगत असणार. "खुपलं की पापणी मिटते, पाणी येतं, घाण वाहून जाते. आणि हेच मज्जातंतू बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जगवतातही. तेच मेले की साधी जखमही भरत नाही. यांच्या डोळ्यांत आधीच फार थोडे उरले होते. त्यावर सहा पायऱ्यांचा फवारा, त्यातलं द्रावण, त्याचा जोर. दुसऱ्या कुणी डोळे गच्च मिटून पळ काढला असता. या उघड्या डोळ्यांनी मिरच्या निवडत बसल्या."

"डावा डोळा?"

"गेला असं धरा. उजव्यात थोडं आहे, ते वाचेल. पण पुन्हा एकदा असं झालं तर तोही जाईल. मग मला विचारू नका."

कागदावर त्यांनी फवाऱ्यामुळे इजा असं लिहिलं. चार दिवसांनी तो कागद वरून परत आला. यंत्राच्या नोंदीप्रमाणे त्या दिवशी बलप्रयोग झालाच नव्हता, त्यामुळे इजा फवाऱ्याची असू शकत नव्हती. ती सातऱ्यावरच्या धुळीची असणार. आणि धुळीबद्दल तर बायकांचं निवेदन आधीच विचाराधीन होतं.

मी हसले. हसण्याखेरीज काय करणार?

लांजेवारांनी ठाणेदारांना सगळं सांगितलं, लेखीही दिलं. ठाणेदार माणूस वाईट नाही. कंपनीला कळवलंय, अपडेट येईल, म्हणाले. कधी येईल ते त्यांनाही माहीत नव्हतं. "आणि मी हो नाही दाबलं तर?" लांजेवारांनी विचारलं. मग यंत्र नादुरुस्त धरायचं आणि जुन्या पद्धतीने फाटक मोकळं करायचं. म्हणजे हातातले फवाऱ्याचे डबे आणि काठ्या.

त्या रात्रीपासून आम्ही दोघं फारसं बोललो नाही. भांडण नव्हतं. भांडायला अंगात जोर लागतो, तो दोघांच्याही नव्हता.

*

बायका येत्या सोमवारी पुन्हा बसणार होत्या. मी शेवंताला म्हटलं, तू जाऊ नकोस.

"काऊन?"

"उजवाही जाईल. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलं ना तू?"

"आयकलं जी." ती चुलीपुढे बसली होती. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा माझ्याकडे. "पन म्याडम, डोरे तपासा म्हनून तं बसलो आमी. जिचा डोरा गेला तेच घरी बसली तं मंग बाकीच्यायनं कायच्यासाठी बसाचं?"

मला वेगळंच काही सुचलं. यंत्राला दुखणं दिसायला हवं ना? मग दाखवायचं. शनिवारी शाळा सुटल्यावर मी सहा-सात जणींना स्वयंपाकखोलीत गोळा केलं आणि रडायला शिकवायला लागले. डोळे गच्च मिटा. कपाळाला आठ्या घाला. तोंड उघडून श्वास घ्या.

शाळेत मी नाटकं बसवली आहेत, पण इतका वाईट संच मला कधी मिळाला नव्हता. एकीने तोंड वाकडं केलं की दुसरी फिदीफिदी हसायची. "अवं, तुह्या लग्नात रडली होतीस तशी रड ना!" "तवा कोठं रडली मी, मी त झोपली होती." शेवंता तर डोळे मिटायची आणि लगेच उघडून बाकीच्यांकडे बघायची. वीस वर्षं जे शिकून अंगात मुरवलं ते एका दुपारी उलटं कसं शिकणार? आणि मला दिसत होतं, त्यांना ते आवडतही नव्हतं. दिवाणजीसमोर जे दाखवलं नाही ते सरकारसमोर का दाखवायचं?

रात्री मी हे लांजेवारांना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"काही उपयोग नाही. भरतीच्या पोरांनी नाटक करून पाहिलंय. कातडीची उष्णता खोटी आणता येत नाही, डोळ्यातली बाहुलीही नाही. नाटक दोनवर अडकतं."

"म्हणजे काहीच करता येत नाही?"

"नाही." त्यांनी ताटात हात धुतला. मग थकलेला माणूस बोलतो तसं, स्वतःशीच बोलल्यासारखं, म्हणाले, "फवारा एकट्या माणसावर थोडाच पडतो. यंत्र जमिनीच्या चौकटी पाडतं, चार-पाच माणसांची एक. चौकटीतल्या एकाचा जरी आकडा खरा चारवर गेला तरी त्या चौकटीचं सगळं बंद होतं. तेवढी एक अक्कल ठेवलीय त्यात. पण त्या चौकटीत सगळ्या सातऱ्याच्याच..."

ते बोलता बोलता थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. मी बघतच होते.

"कुंदा, मी काय बोललो ते विसर."

"विसरले."

"तू सरकारी नोकर आहेस."

"तुम्हीही आहात," मी म्हटलं आणि ताटं उचलली.

*

सोमवारी मी किरकोळ रजा टाकली. बायकांच्या चौकटींत बसायला, मिरचीने ज्यांना खरंच दुखेल अशी दोनच माणसं मी रविवारभर गावात फिरून जमवू शकले होते. आमचे मराठीचे गजभिये सर, आणि बँकेत नुकतीच बदलून आलेली एक मुलगी, जिला या गावातून कधी एकदा सुटते असं झालं होतं. बाकीच्यांनी कारणं सांगितली. कारणं खोटी नव्हती. कुणाला दमा होता, कुणाच्या घरी लहान मूल होतं. फुकट दुखून घ्यायला कोण येतं?

आठ चौकटी होतील असा माझा अंदाज होता आणि हळव्या डोळ्यांची माणसं तीन. कुणी कुठे बसायचं ते ठरवताना मी गप्प राहिले आणि थेट शेवंताच्या शेजारी जाऊन बसले. हे न्यायाचं होतं असं मी म्हणत नाही.

"पदर तोंडावर घेऊ नका," मी गजभिये सरांना आणि त्या मुलीला पुन्हा बजावलं. "काहीही झालं तरी तोंड उघडं ठेवायचं. त्याला दिसलं नाही तर ते वाढवत राहील."

शेवंताने माझ्यापुढे टोपली सरकवली. मी देठ तोडायला लागले. माझ्या एका मिरचीत तिच्या चार होत होत्या. ती एका डोळ्याने माझ्या हातांकडे बघून हसू दाबत होती.

रस्त्याच्या पलीकडे निळी गाडी उभी होती. तिच्या काचा काळ्या होत्या. आत कोण बसलंय ते मला माहीत होतं, आणि मी कुठे बसले आहे ते त्यांना पडद्यावर दिसत असणार होतं.

ध्वनिक्षेपकावरून उठण्याची सूचना झाली. मग वर घरघर आली. पहिला फवारा पावडर उडावी इतका हलका होता. नाकात झिणझिणलं, डोळ्यांत पाणी आलं. मी मनात म्हटलं, झालं. माझ्यासारख्या शिंकऱ्या बाईला एवढं पुरे. पण घरघर थांबली नाही.

दुसरा आला. चेहरा तापला. मला बोर्डाच्या परीक्षेसारखं वाटायला लागलं, आपण सगळं नीट करतोय आणि तरी गुण कमी पडताहेत. मग माझ्या लक्षात आलं. अकरा वर्षं मीही या गावची हवा खाल्ली होती. मी स्वतःला नागपूरची समजत होते. डोळ्यांनी ते कधीच सोडून दिलं होतं.

तिसऱ्याला माझा श्वास अडकला. डोळ्यांत कुणी गरम वाळू भरून चोळत होतं. हात आपोआप पदराकडे गेला आणि मी तो दुसऱ्या हाताने धरून खाली ओढला. मान खाली जात होती, ती वर केली. वीस वर्षं वर्गापुढे उभं राहून मलाही एक रीत लागलेली आहे, पोरांसमोर तोंड वाकडं करायचं नाही. ती रीत आता माझ्या जबड्यात घट्ट बसली होती. सोड, मी स्वतःला म्हणत होते, सोड बाई, सोड.

तेवढ्यात कशाचा तरी ओलसर गारवा तोंडावर आला. शेवंताने पाण्यात भिजवलेला पदर माझ्या चेहऱ्यावर धरला होता.

"मरशीन व माय! झाक तोंड!"

"नको," मी तिचा हात ढकलला. तिने परत धरला. तिच्या हातात सातऱ्याची ताकद. "शेवंता, काढ! त्याला दिसू दे!"

"काय दिसू दे?"

"मला दुखतंय ते!"

मग तिने पदर काढून घेतला, आणि मला मागून दोन्ही खांद्यांना धरून सरळ बसवलं, तोंड आभाळाकडे करून. चौथा फवारा आला तेव्हा मी ओरडले. शब्द नव्हता त्यात. लहानपणी बोट दारात चिरडलं होतं तेव्हा ओरडले असेन तशी ओरडले, भर तहसीलपुढे, माझ्या आजी-माजी विद्यार्थ्यांच्या आयांमध्ये बसून. आणि मग डोक्यावरची घरघर एकदम दूर गेली.

खांद्यांवरचे हात सुटले नाहीत.

*

डॉक्टर हटवार त्या दिवशी स्वतःच गावात येऊन बसले होते. शेवंताचा उजवा डोळा त्यांनी तीन वेळा तपासला. आहे तसा आहे, म्हणाले. आमच्या तिन्ही चौकटींतल्या बायका वाचल्या. उरलेल्या चौकटींत सहाही पायऱ्या झाल्या. तिथल्या चौघींना त्यांनी आपल्या गाडीतून नेलं, आणि त्या चौघी जाताना विचारत होत्या की एवढी घाई कशाची, कुठे काय दुखतंय?

माझे डोळे तपासताना ते म्हणाले, "तुमचे अजून शाबूत आहेत. पण मॅडम, असं दोन-चारदा केलं तर तुम्हीही यांच्यासारख्याच व्हाल. मग तुमचा काही उपयोग नाही."

गुरुवारी पुन्हा बसायचं ठरलंय. नवी माणसं शोधावी लागतील.

घरी लांजेवारांनी मला मोरीत पाटावर बसवलं आणि तांब्याने डोळ्यांवर पाणी घालत राहिले. वर्दी अंगावरच होती. मला डोळे उघडता येत नव्हते, त्यामुळे त्यांचा नुसता आवाज येत होता.

"अहवाल आला," ते म्हणाले. "बलप्रयोग तीन व्यक्तींवर. गजभिये, ती बँकेतली, आणि कुंदा देवानंद लांजेवार. शांत बसलेल्या माणसावर चारची नोंद झाली की दंडाधिकाऱ्यांची चौकशी लागतेच. ती आता कुणाला टाळता येणार नाही. ठाणेदारांनी मला बोलावलंय उद्या."

"काय होईल?"

"काय व्हायचं ते होईल. मला या मशीनवर आता कोणी बसवणार नाही, एवढं नक्की."

पाणी पडत राहिलं. मग तांब्या बादलीत ठेवल्याचा आवाज आला.

"तिसऱ्या पायरीला तुझा आकडा तीनवर अडकला होता, कुंदा. हलतच नव्हता. तू तोंड वर करून बसली होतीस आणि पडद्यावर तुझा चेहरा एवढा मोठा दिसत होता. नाही दाबलं असतं तर डबे घेऊन सगळे तुमच्यात घुसले असते." त्यांचा आवाज फाटला. "मी हात जोडले. तिथेच, गाडीत. म्हटलं, देवा, तिला आणखी दुखू दे. लवकर दुखू दे."

मी चाचपडत त्यांचा हात शोधला. तो गार पडला होता.

"मग? ऐकलं ना त्याने?"

"ऐकलं," लांजेवार म्हणाले. "पण त्याआधी मला चौथ्यांदा हो दाबावं लागलं."